बालवाडीतील भाजीचा वाफा

लहान मुलाला भाजी खाऊ घालणे हे आपल्या घराघरांतील रोजचेच युद्ध होय. मेथी कडू लागते, गिलके गिळगिळीत लागते. मूल तोंड फिरवते, आई रागावते. हा मुलाचा हट्ट आहे असे आपण धरून चालतो. वास्तविक दोन ते सहा वर्षांच्या वयात अनोळखी पदार्थाविषयी संशय वाटणे हा वाढीचाच एक भाग आहे. बळजबरीने तो संशय पक्का होतो. उलट तीच चव थोडी थोडी, आठ-दहा वेळा, न रागावता पुढे आली तर पुष्कळ मुले ती स्वीकारतात, असे अभ्यासकांना आढळले आहे. ही ओळख करून देण्याचा सोपा मार्ग म्हणजे भाजी मुलाच्याच हाताने पेरणे.

ही कल्पना नवी नाही. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेबेल यांनी १८४० मध्ये आपल्या बालशाळेला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. त्यांच्या योजनेत प्रत्येक मुलाला स्वतःचा लहानसा वाफा असे. बी पेरल्यावर वाट पाहावी लागते व त्यातून मूल धीर शिकते, असे मादाम माँटेसरी यांचे प्रतिपादन होते. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. माँटेसरीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. म्हणून पाने, बिया, दगड, शिंपले हीच साधने झाली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच त्याच्या अंगणात जावे, या विचारातून 'अंगणवाडी' आली. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये वाढले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोहोचली. २०१८ च्या पोषण अभियानातही अंगणवाडीच्या परसबागेला उत्तेजन दिले जाते.

पारोळ्याच्या परिसरात हे सहज जमण्यासारखे आहे. पाऊस पडल्यावर कुंपणाशी गिलके व दोडके लावावे. दिवाळीच्या सुमारास मेथी, पालक, मुळा पेरावा. आपला उन्हाळा मात्र कोवळ्या रोपांना सोसत नाही. आरंभ मेथीने करावा. चार-पाच दिवसांत ती उगवते, महिन्याभरात खुडायला येते; लहान मुलाचा धीर साधारण तेवढाच टिकतो. हात धुतलेले साधे पाणी वाफ्याला पुरते. एक खबरदारी मात्र कटाक्षाने घ्यावी. आपला मुलूख कापसाचा. फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे पाणी घालण्यास किंवा रोपे लावण्यास कधीही वापरू नयेत.

भाजी खुडल्यावर ती मुलांनीच धुवावी, निवडावी. चव घेताना सक्ती नको. एक पान चावून पाहा, नकोसे वाटले तर टाकून दे, एवढेच सांगावे. मुळ्याचे काप पातळ करावेत, म्हणजे घशात अडकणार नाहीत. कडू, तिखट, कोवळे, जून हे शब्द अशा वेळी जिभेवरून थेट डोक्यात शिरतात. किती बिया पेरल्या व किती उगवल्या, यातून गणितही येते.

यावर पालकांचा एक आक्षेप असतो : "आम्ही जन्मभर मातीच उकरली, पोराने तरी पाटी धरावी." ज्यांच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी आमचीच पहिली पिढी, त्या आम्हां विद्यार्थ्यांना हा आक्षेप परका नाही. त्यामागे पिढ्यांचे कष्ट आहेत. तो हसण्यावारी नेऊ नये. परंतु मजुरी आणि वाफा यांत मोठा फरक आहे. मजुरीत हात राबतात आणि पीक दुसऱ्याच्या घरी जाते. तेथे प्रश्न विचारायला सवड नसते. वाफ्यात मूल विचारते, मोजते, वाट पाहते आणि पिकवलेले स्वतः खाते. चार वर्षांच्या बोटांना पेन्सिलीपेक्षा माती अधिक मानवते, आणि मातीत वळलेली बोटे पुढे पेन्सिलही नीट धरतात. ज्या घरी भाजी आठवडे बाजाराच्या दिवशीच येते, तेथील मुलाला तर या मूठभर मेथीचे मोल अधिकच.

आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, खड्डे खणतो. त्याच कुदळीने गावच्या अंगणवाडीपुढे दोन वाफे खणून द्यावेत. बी पेरण्याचे काम मात्र मुलांसाठी राखून ठेवावे.