दात पुढे, की जबडा मागे?

गटाची बैठक संपली की पोरीबाळींच्या गोष्टी निघतात. "दात पुढं आलेत पोरीचे, लग्नाच्या आधी तार बसवू," हे आम्ही भोरातही ऐकलं आणि वेल्ह्यातही. लग्नापर्यंत थांबलं तर पुष्कळदा उशीर होतो, म्हणून आज हा विषय घेतला.

दार लागत नसेल तर चांगला सुतार लगेच दार तासायला घेत नाही. आधी ओळंबा धरून चौकट बघतो. दातांचंही तसंच. एकीचे दातच पुढे झुकलेले असतात. दुसरीचे दात ठीक, पण खालचा जबडा मागे राहिलेला. समोरून दोघी सारख्याच दिसतात, उपचार मात्र वेगळे.

हे ओळखायला दंतवैद्य चेहऱ्याचा बाजूने एक्स-रे काढतात. डोकं हलू नये म्हणून कानाशी दोन बोंडं टेकवतात, दुखत नाही. ही पद्धत १९३१ पासूनची. मग त्यावर खुणा करतात: कवटीच्या मध्यावर, नाकाच्या मुळाशी (आपल्या टिकलीच्या जरा खाली), वरच्या जबड्यावर आणि खालच्या. खुणा रेघांनी जोडल्या की कोन मिळतात. अमेरिकेतले डॉक्टर स्टायनर यांनी १९५३ साली मापं दिली: वरच्या जबड्याचा कोन सुमारे ८२ अंश, खालच्याचा ८०. फरक दोनचा. तो सहा-सातावर गेला तर दोष चौकटीत आहे असं धरतात. खालचा कोन वरच्याहून मोठा निघाला तर उलटा दोष.

पण ही मापं गोऱ्या अमेरिकनांची. आपली चेहरेपट्टी निराळी. म्हणून पुण्याकडच्या दंतवैद्यांनी मराठा समाजातल्या लोकांची मापं घेऊन २०१३ साली छापली. हे कळल्यावर आम्हाला बरं वाटलं. तरी नुसत्या आकड्यावर निर्णय होत नाही, डॉक्टर चेहरा आणि दातही बघतात.

आता वयाचं. जबडा वाढत असतो तोवरच त्याला वळण देता येतं. मुलींची वाढ मुलांच्या आधी होते. साधारण दहा ते तेरा वर्षं, त्यातही पाळी सुरू होण्याआधीचा काळ मोलाचा. तेव्हा काढता-घालता येणाऱ्या प्लेटचा उपयोग होतो. विसाव्या वर्षी तार दात हलवते, जबडा नाही. फरक मोठा असेल तर मग शस्त्रक्रियाच.

ओठ मिटायला ताण पडतो, हनुवटी आत दिसते, किंवा खालचे दात वरच्यांच्या बाहेर येतात, तर मुलीला दाखवा. मुलालाही. भोरहून पुण्याला जाताना कात्रजपुढे धनकवडीला भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयात खर्च खाजगीपेक्षा सहसा कमी येतो. मात्र दीड-दोन वर्षं दर महिन्याला खेप पडते. लावणीच्या दिवसांत वेल्ह्याहून रोज बुडवून जाणं सोपं नाही, म्हणून तारखा आधीच ठरवून घ्या.

पहिल्याच भेटीत विचारा: दोष दातांत आहे की जबड्यात? कोन किती आला? उत्तर कागदावर लिहून घ्या आणि एक्स-रेची प्रत मागून घ्या.