विश्लेषण : प्रार्थनेपुरती उरलेली हिब्रू घराघरांत कशी पोहोचली? पुण्याशी तिचे नाते काय?

पुण्यात १८७४ मध्ये एक वेगळे पुस्तक छापले गेले. ज्यूंच्या पेसाह (वल्हांडण) सणाला घरात वाचल्या जाणाऱ्या ‘हगादा’ची ही आवृत्ती. त्यात हिब्रू मजकूर आणि मराठी भाषांतर होते; चित्रांत साडी नेसलेल्या स्त्रिया सणाची बिनखमिराची भाकरी करताना दिसतात. त्या वेळी जगात कुठेही हिब्रू ही मुलांची मातृभाषा नव्हती. आज ती लाखो लोकांची मातृभाषा आहे.

मराठी भाषांतर कशासाठी?

कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे बेने इस्रायल ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जात. घरची भाषा मराठी आणि प्रार्थनेची हिब्रू. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. पुण्यात रास्ता पेठेतील सुकाथ शेलोमो हे १९२१ चे सिनेगॉग याच समाजाचे.

हिब्रू बोलीभाषा कशी झाली?

सुमारे सतराशे वर्षे हिब्रू वाचली जात होती, लिहिली जात होती. पण घरात बोलली जात नव्हती. एलिएझर बेन-येहुदा १८८१ मध्ये जेरुसलेमला गेले. १८८२ मध्ये मुलगा झाल्यावर त्याच्या कानावर फक्त हिब्रूच पडेल, असा नियम त्यांनी घरात केला. हाच मुलगा आधुनिक काळातील पहिला हिब्रू मातृभाषिक मानला जातो. मात्र एका घराने भाषा उभी राहत नाही. हिब्रू माध्यमाच्या शाळा निघाल्या आणि त्यांत शिकलेली मुले पुढे आईवडील झाली. भाषा रुजली ती तिथे.

इंजिनीअरिंग कॉलेजवरून वाद का झाला?

१९१३ मध्ये हैफाच्या नियोजित तंत्रशिक्षण संस्थेत (आजचे टेक्निऑन) विज्ञान विषय जर्मनमधून शिकवण्याचे ठरले. शिक्षक-विद्यार्थ्यांनी संप केला आणि निर्णय फिरला. १९२४ मध्ये वर्ग सुरू झाले ते हिब्रूतून.

नवे शब्द कुठून आले?

जुन्या धातूंपासून. ‘मिला’ म्हणजे शब्द, त्यावरून ‘मिलोन’ म्हणजे शब्दकोश. ‘विचार करणे’ या अर्थाच्या धातूवरून ‘मखशेव’ म्हणजे कम्प्युटर. सगळेच शब्द टिकले नाहीत. टेलिफोनसाठी सुचवलेला ‘सख-रखोक’ मागे पडला, लोक ‘टेलिफोन’च म्हणत राहिले. आपल्याकडे ‘महापौर’ रुळला, पण ‘दूरध्वनी’ पाटीवरच राहिला, तसेच.

मग मराठीचे काय?

१९४८ नंतर बहुतेक बेने इस्रायल इस्रायलला गेले आणि तिथे चित्र उलटले. तिथे जन्मलेल्या पिढीची पहिली भाषा हिब्रू झाली. मराठी आजी-आजोबांच्या बोलण्यात, कीर्तनात आणि ‘मायबोली’ या नियतकालिकात उरली. म्हणजे एकाच समाजात हिब्रू प्रार्थनेतून घरात आली आणि मराठी घरातून कार्यक्रमांत गेली.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला. हिब्रूकडे प्राचीन ग्रंथांची प्रतिष्ठा पहिल्यापासून होती. तरी ती जिवंत झाली, ती मुलांशी त्याच भाषेत बोलण्याचे घरांनी आणि शाळांनी ठरवले तेव्हाच.