ॲब्लेशननंतर डोकं दुखतंय? रक्त पातळ करणारी गोळी बंद करू नका

ठोके अनियमित पडत असतील तर जांघेतल्या शिरेतून बारीक नळी घालून ॲब्लेशन करतात. डाव्या कप्प्यात जायला हृदयातल्या पडद्याला छोटं छिद्र पाडावं लागतं. नंतर काहींना अर्धशिशीसारखी डोकेदुखी होते, डोळ्यांपुढे चमकतं. बहुतेकांचं काही आठवड्यांत थांबतं. पण वैतागून गोळी सोडली तर गुठळी होऊन लकवा मारू शकतो, आणि तिच्यासोबत मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक घेतली तर रक्तस्राव. दुखण्यावरची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या. पहिले ३ महिने मधूनच धडधड झाली म्हणून ऑपरेशन फसलं असं नाही.

तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली, एकाएकी भयंकर डोकं दुखलं, किंवा काही आठवड्यांनी ताप येऊन गिळताना दुखलं, तर गावात सलाईन लावत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा.