वीज आणि कायदा, भाग ६ : गॅलरीतल्या पॅनेलला परवाना कशाला?

गच्चीवर सौर यंत्रणा बसवून ती ग्रिडला जोडायची तर अर्ज, करार, तपासणी, नवा मीटर हे सगळं ओघानं येतं, ते मागच्या भागात पाहिलं. पाच किलोवॉटच्या यंत्रणेसाठी ते समजण्यासारखं आहे. पण गॅलरीच्या कठड्याला बांधलेल्या दोन पॅनेलांसाठीही तेच सोपस्कार? अमेरिकेत या प्रश्नाला वेगळं उत्तर देणारं पहिलं राज्य युटा. तिथल्या विधिमंडळात रेमंड वॉर्ड यांनी विधेयक मांडलं आणि मार्च २०२५ मध्ये गव्हर्नर स्पेन्सर कॉक्स यांची त्यावर सही झाली.

साध्या सॉकेटला जोडता येणारा १२०० वॉटपर्यंतचा संच असेल तर वीज कंपनीशी करार नको, मंजुरी नको, शुल्कही नको. मात्र नेट मीटरिंग मिळणार नाही. घरात न वापरलेली वीज ग्रिडला फुकट जाईल. मला हा सौदा रास्त वाटतो. असा संच दिवसाउजेडी फ्रिज, पंखे आणि राउटरचा भार उचलण्यासाठी असतो, वीज विकण्यासाठी नव्हे.

सॉकेटमधून वीज उलटी आत सोडायची म्हटल्यावर पहिली शंका येते ती शॉकची. उपसलेल्या प्लगच्या पिनांना हात लागला तर? वीज गेल्यावर खांबावर चढलेल्या लाइनमनचं काय? चांगला इन्व्हर्टर ग्रिडचा व्होल्टेज सतत तपासत असतो आणि तो नाहीसा होताच क्षणात बंद पडतो. साहजिकच वीज गेली की, बॅटरीची वेगळी सोय नसेल तर, भर उन्हातही हा संच घराला काही देत नाही. विकत घेणाऱ्याला हे आधीच सांगितलं पाहिजे.

खरी काळजी भिंतीतल्या वायरची आहे. अमेरिकेत घरातला व्होल्टेज १२०, म्हणजे १२०० वॉटला १० अँपिअर. सर्किटच्या सुरुवातीला बसवलेला १५ अँपिअरचा ब्रेकर फक्त ग्रिडकडून येणारा प्रवाह मोजतो. त्याच सर्किटवर हीटर आणि इस्त्री लावून २५ अँपिअर ओढले, तर १५ ग्रिडकडून येतील, १० पॅनेलकडून. ब्रेकरच्या लेखी सगळं ठीक, पण १५ अँपिअरसाठी टाकलेली वायर आतल्या आत तापत राहील. जर्मनीत इन्व्हर्टरची मर्यादा ८०० वॉट आहे आणि व्होल्टेज २३०. तिथे भर पडते जेमतेम साडेतीन अँपिअरची. युटाचा कायदा यूएलसारख्या संस्थेचं प्रमाणपत्र मागतो खरा, पण तो झाला तेव्हा अशा संपूर्ण संचासाठी यूएलची स्वतंत्र कसोटीच नव्हती. ‘यूएल ३७००’ नंतर आली. परवाना जरूर माफ करावा, चाचणी मात्र कोणत्याही राज्यानं माफ करू नये, असं मी ठामपणे म्हणेन.

जर्मनीत नोंदलेल्या संचांनी दहा लाखांचा टप्पा ओलांडला आहे. करमाफी आणि सोपी नोंदणी यांचा त्यात वाटा आहेच, पण मला सर्वांत मोलाची वाटते ती २०२४ मधली दुरुस्ती. तिनं भाडेकरूला असा संच लावू देण्याची मागणी करण्याचा हक्क दिला. सबळ कारणाशिवाय घरमालक नकार देऊ शकत नाही. ज्यांच्या नावावर छप्पर नाही, त्यांना उन्हाचा वाटा मिळाला तो या कलमामुळे.

आपल्याकडे २०२४ पासून १० किलोवॉटपर्यंतच्या गच्चीवरील यंत्रणेला तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीतून सूट आहे. ‘पीएम सूर्यघर’मध्ये घरमालकाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, सोसायटीलाही सामाईक वापरासाठी मदत आहे. डोंबिवलीत किंवा पिंपरीत भाड्यानं राहणाऱ्या कुटुंबाला यात फारसा वाव नाही. आपला व्होल्टेज जर्मनीसारखाच २३० आहे, त्यामुळे आकड्यांचं गणित आपल्या बाजूचं आहे. जुन्या चाळी-इमारतींतलं वायरिंग आणि अर्थिंग मात्र तसं नाही. नियम करायचा झाला तर पहिलं कलम त्याबद्दल हवं.

पुढच्या आठवड्यात : सोसायटीची गच्ची कायद्यानं कोणाची?