रोज चार पाने : महिन्याभरात कादंबरी लिहिण्याचा एक प्रयोग

या स्मरणिकेचे संपादक दरवर्षी माझ्याकडे लेख मागतात आणि मी दरवर्षी लसीकरणाचे सुधारित वेळापत्रक, तापातील झटके किंवा मुलांचा आहार यांपैकी एका विषयावर लिहून देतो. ते लेख उपयुक्त असतात, असे वाचक सौजन्याने सांगतात. यंदा मात्र विषय निराळा आहे. गेल्या नोव्हेंबरात, म्हणजे २०२५ साली, मी तीस दिवस रोज पहाटे उठून कादंबरी लिहिण्याचा प्रयत्न केला. ती कादंबरी चांगली झाली, असा माझा दावा नाही. परंतु रोज लिहिण्याची सवय कशी लागते, ती कोठे मोडते आणि मोडली तर काय करावे, याविषयी जे समजले, ते आपल्यासारख्या व्यग्र व्यावसायिकांना उपयोगी पडेल, असे वाटते.

आव्हानाचा जन्म

या कल्पनेचा उगम अमेरिकेतला. जुलै १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरातील ख्रिस बेटी या तरुणाने काही मित्र जमवून एका महिन्यात प्रत्येकी एक कादंबरी लिहिण्याचा घाट घातला. पहिल्या वर्षी एकवीस जण होते. दुसऱ्या वर्षी महिना बदलून नोव्हेंबर झाला आणि संख्या १४० वर गेली. तिसऱ्या वर्षी ती सुमारे पाच हजार झाली. पुढे या उपक्रमाची रीतसर संस्था झाली आणि जगभरातील लाखो हौशी लेखकांनी त्यात भाग घेतला. आर्थिक अडचणींमुळे ही संस्था बंद करीत असल्याचे मार्च २०२५ अखेर जाहीर झाले. संस्था मिटली, पण नोव्हेंबर महिना काही कोणाच्या मालकीचा नाही. कल्पना आजही कोणालाही वापरता येते.

नियम अगदी साधा. तीस दिवसांत पन्नास हजार शब्द. म्हणजे रोज सुमारे १,६६७. परीक्षक नाही, गुण नाहीत. लेखन चांगले आहे की वाईट, हे कोणी विचारीत नाही. फक्त शब्द मोजायचे. सारा ग्रूएन यांची ‘वॉटर फॉर एलिफंट्स’ (२००६) आणि एरिन मॉर्गनस्टर्न यांची ‘द नाइट सर्कस’ (२०११) या गाजलेल्या कादंबऱ्यांचे कच्चे खर्डे अशाच नोव्हेंबरांत लिहिले गेले. मात्र खर्डा आणि पुस्तक यांच्यामध्ये पुनर्लेखनाचा मोठा काळ गेला, हेही सांगितले पाहिजे. महिन्याभरात होतो तो खर्डा, पुस्तक नव्हे.

संख्येचे शहाणपण

साहित्यासारख्या गोष्टीत शब्द कसले मोजायचे, असा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर आपल्या प्रत्येकाच्या अनुभवात आहे. एम.डी.चा प्रबंध लिहिताना पहिल्या परिच्छेदावर आठवडे घालवल्याचे कोणाला आठवत नाही? लिहिणारा आणि तपासणारा हे दोघे एकाच वेळी टेबलाशी बसले की तपासणारा जिंकतो आणि कागद कोरा राहतो. संख्येचे बंधन तपासणाऱ्याला महिनाभर रजेवर पाठवते. ‘आज चांगले लिहीन’ हा संकल्प आपल्या हातात नसतो. ‘आज चार पाने लिहीन’ हा असतो.

ही युक्ती नवी नाही. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप टपाल खात्यात नोकरीला होता. पहाटे साडेपाचला तो टेबलाशी बसे, घड्याळ समोर ठेवी आणि दर पंधरा मिनिटांस अडीचशे शब्द लिही. त्याला कॉफी देऊन उठविणाऱ्या नोकराला तो या कामाचे वर्षाला पाच पौंड जादा देत असे. अशा रीतीने सत्तेचाळीस कादंबऱ्या झाल्या. बेल्जियमचा जॉर्ज सिमेनाँ याची तऱ्हा वेगळी. तो रोज एक प्रकरण याप्रमाणे दहा-अकरा दिवसांत कादंबरी संपवी आणि सुरुवात करण्यापूर्वी डॉक्टरकडून रक्तदाब तपासून घेई! आपल्याकडेही हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून कादंबऱ्या क्रमशः दिल्या. अंक ठरल्या दिवशी निघायचा, म्हणजे प्रकरण ठरल्या दिवशी हवेच. मुदतीने साहित्य मारले जात नाही. पुष्कळदा ते मुदतीमुळेच जन्माला येते.

आम्हा बालरोगतज्ज्ञांचा आदर्श मात्र डॉ. विल्यम कार्लोस विल्यम्स. न्यू जर्सीतील रदरफोर्ड या लहान गावात त्यांनी सुमारे चाळीस वर्षे व्यवसाय केला. दवाखान्यातील लिहिण्याच्या टेबलात टंकयंत्र दडवलेले असे. दोन रुग्णांच्या मधल्या वेळात ते बाहेर काढायचे, चार ओळी बडवायच्या आणि रुग्ण आत आला की पुन्हा आत ढकलायचे. ते कवी म्हणून प्रसिद्ध झाले, पण त्यांच्या ‘व्हाइट म्यूल’ (१९३७) या कादंबरीचा आरंभ एका मुलीच्या जन्माने होतो, हे आपल्या व्यवसायाला साजेसेच. ‘वेळ मिळत नाही’ म्हणताना हे टंकयंत्र मला नेहमी अडचणीत आणते.

मराठीचा हिशेब

पन्नास हजारांचा आकडा इंग्रजीच्या मापाचा आहे. आपली मराठी प्रत्यय जोडून शब्द घडवते. ‘टेबलावरून’ हा आपला एक शब्द. इंग्रजीत त्याला तीन लागतात. त्यामुळे तेवढ्याच मजकुराला मराठीत शब्द कमी लागतात. मी रोजचे एक हजार शब्द ठरवले. हाताने लिहीत असल्याने शब्द मोजण्याऐवजी पाने मोजली. माझ्या अक्षरात फुलस्केपच्या एका पानावर अडीचशे शब्द बसतात. म्हणजे रोज चार पाने, महिन्याला एकशेवीस.

महिना निवडणे कठीण गेले. बालरोगतज्ज्ञाला रिकामा महिना नसतो : पावसाळ्यात साथीचे ताप, थंडीत छाती भरणे, उन्हाळ्यात जुलाब. शेवटी नोव्हेंबरच घेतला, कारण दिवाळी ऑक्टोबरातच आटोपली होती.

सवय कशी लागते

लंडनमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सवयींवर केलेला अभ्यास २००९-१० मध्ये प्रसिद्ध झाला. शहाण्णव जणांनी खाणे, पिणे किंवा व्यायाम यांपैकी एक नवी कृती निवडून ती रोज ठरावीक प्रसंगी केली. कृती अंगवळणी पडण्यास लागलेल्या दिवसांचा मध्यक ६६ होता. आवाका मात्र १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. म्हणजे ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हे लोकप्रिय वाक्य खरे नव्हे आणि तीस दिवसांचे आव्हान हा सवयीचा केवळ पूर्वार्ध ठरतो. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट अधिक दिलासा देणारी : एखादा दिवस चुकल्याने सवयीच्या घडणीत विशेष फरक पडला नाही.

यावरून मी तीन गोष्टी ठरवल्या. पहिली, लेखन एखाद्या जुन्या सवयीच्या शेपटीला बांधायचे. माझा पहाटेचा चहा गेली तीस वर्षे चुकलेला नाही. कप खाली ठेवला की पेन हाती. दुसरी, जागा एकच आणि भ्रमणध्वनी शेजारच्या खोलीत; वाजला तर ऐकू येईल, पण दिसणार नाही. तिसरी, खाडा झाला तर थकबाकी भरायची नाही. काल चार पाने राहिली म्हणून आज आठ, असा हिशेब सुरू झाला की चौथ्या दिवशी मनुष्य वही बंद करतो. औषधाचा डोस चुकल्यास दुप्पट डोस घेऊ नका, असे आपण पालकांना सांगतोच, तोच नियम.

प्रत्यक्षात काय झाले

कथा एका लहान गावातील दवाखान्याची आणि तेथल्या वामनमामा नावाच्या वृद्ध कंपाउंडरची. पहिले पाच दिवस उत्साहात गेले. दुसऱ्या आठवड्यात, अनुभवी मंडळी सांगतात तसाच, उतार लागला. नवलाई संपली, कथानक कोठे जावे हे कळेना, आणि एका अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी सलग दोन रात्री जागाव्या लागल्या. दोन खाडे झाले. बाराव्या दिवशी मी केवळ दवाखान्यातील कपाटाचे वर्णन करीत साडेतीन पाने भरली. आज ती वाचवत नाहीत. पण त्या दिवशी वही उघडली गेली, हेच महत्त्वाचे होते.

एकोणिसाव्या दिवशी कथेत एक मूल दगावले. मी ते योजले नव्हते. मी निवासी डॉक्टर असताना, नव्वदच्या दशकात, घटसर्पाचे एक मूल माझ्याकडे होते. प्रतिविष दिले, घसा सुधारला, मूल खाऊ लागले. आणि दुसऱ्या आठवड्यात हृदयाच्या स्नायूंवर परिणाम होऊन ते गेले. वडील खाली दूध आणायला गेले होते. त्यांना सांगण्याचे काम माझे होते. मी केसपेपर पूर्ण करीत बसलो आणि जिन्यात त्यांना वॉर्डबॉयने सांगितले. या गोष्टीचा उच्चार मी तीस वर्षे कोठे केला नव्हता.

कादंबरीत तो प्रसंग आला तेव्हा मला लिहावे लागले की जिना चढणाऱ्या बापाच्या हातात भांडे कसले होते, ते त्याने कोठे ठेवले, तो कोणाकडे पाहत होता. मला त्यातले काहीच ठाऊक नव्हते, कारण मी तेथे नव्हतो. केसपेपरात मी त्या दिवशी नाडी, श्वसन आणि मृत्यूची वेळ अचूक लिहिली होती. कथेने मात्र मला त्या जिन्यात नेऊन उभे केले. कथेतला डॉक्टरही आत बसून राहतो. वामनमामा खाली उतरतात आणि बापाच्या हातातले भांडे स्वतःच्या हाती घेतात. त्या दिवशी पाच पाने झाली. तेव्हापासून वाईट बातमी सांगायची असते तेव्हा मी खुर्ची ओढून बसतो आणि कागद मिटून ठेवतो. तीस वर्षांच्या व्यवसायाने जे शिकवले नाही, ते चार पानांच्या शिस्तीने शिकवले, हे कबूल करताना संकोच वाटतो.

रुग्णाचे गुपित

येथे एक इशारा आवश्यक आहे. आपल्या हाती लोकांची गुपिते विश्वासाने आलेली असतात. केवळ नाव बदलून भागत नाही. आपल्या इंदूरच्या मराठी समाजात ‘अमुक गल्लीतले, दोन मुलींवरचे, दुर्मीळ आजाराचे मूल’ एवढे लिहिले तरी घर ओळखले जाते. म्हणून वय, गाव, काळ, कुटुंबाची रचना आणि शक्य तेथे आजारही बदलावा. ताजे प्रसंग टाळावेत. आणि शंका असेल तर ते पान वहीतच राहू द्यावे. वरील प्रसंगातही ओळख पटेल असा तपशील मी ठेवलेला नाही. ज्याला रुग्णाची कथा जशीच्या तशी सांगायची आहे, त्याने संमती घ्यावी. ज्याला स्वतःची सांगायची आहे, त्याला कल्पित साहित्य मोकळीक देते.

हिशेब आणि निमंत्रण

तीस दिवसांत चार खाडे झाले. एकशेवीसपैकी सत्त्याण्णव पाने, म्हणजे सुमारे चोवीस हजार शब्द. आव्हान मी हरलो. परंतु डिसेंबरात रोज एक पान एवढेच ठेवले आणि जानेवारीत केव्हातरी ध्यानात आले की कप खाली ठेवल्यावर हात आपोआप वहीकडे जातो.

आणखी एक लाभ. माझा दिवस हिंदीत बोलण्यात आणि इंग्रजीत औषधे लिहिण्यात जातो. घरात मराठी बोलतो, पण लिहिण्याची मराठी लग्नपत्रिकेपुरती उरली होती. पहिल्या आठवड्यात साधे शब्द आठवेनात. आईच्या तोंडचे शब्द तिसऱ्या आठवड्यात एकेक करून परत येऊ लागले. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना हे औषध घेण्याजोगे आहे.

ज्यांना प्रयोग करावासा वाटतो त्यांनी चार पानांचा हट्ट धरू नये. एक पान पुरे. शक्य तर एखादा सोबती गाठावा; रोज रात्री एकमेकांना फक्त पानांची संख्या कळवावी, मजकूर नव्हे. जे लिहाल ते महिनाभर वाचू नये, कोणाला दाखवू नये. येत्या नोव्हेंबरात मी वामनमामांचा दुसरा खर्डा हाती घेणार आहे. आपल्यापैकी कोणी बरोबर येणार असेल, तर पानांचा आकडा कळवायला एक माणूस तयार आहे.