सावलीचा ताण

पोहण्याच्या तलावावर कापडाची सावली कशी धरतात यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं. मी पुण्या-मुंबईच्या क्लबांकडे न जाता सौंसर-पांढुर्ण्याची वाट धरली. 2023 मध्ये छिंदवाड्यातून वेगळा झालेला हा पांढुर्णा जिल्हा संत्र्याचा आहे, आणि कोवळ्या कलमांवर सावली धरण्याचं काम इथल्या हातांना ठाऊक आहे. शेजारच्या वरुड तालुक्यातलं शेंदुरजनाघाट तर कलमांसाठीच प्रसिद्ध. जंभेरीच्या खुंटावर नागपुरी संत्र्याचा डोळा बांधला की रोपाला कडक ऊन सोसत नाही, म्हणून वर शेडनेट येतं. तलावावर ताणतात ते कापड बहुतेक वेळा याच जातीचं असतं: पॉलिथिनच्या धाग्याची विणलेली जाळी. ती फाटली तरी उसवत जात नाही आणि तिच्या छिद्रांतून गरम हवा वर निघून जाते. पीव्हीसीचा लेप दिलेलं कापड पाऊस अडवतं, पण वारं कोंडलं तर खालची उष्णताही अडवून ठेवतं.

ताणलेल्या कापडाचं शास्त्र जर्मनीच्या फ्राय ओटो यांनी मांडलं. 1955 मध्ये कासेलच्या उद्यान प्रदर्शनात त्यांनी वाद्यवृंदासाठी छोटा तंबू उभारला. 1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकचं तारांच्या जाळ्यावरचं छतही त्यांच्याच विचारातून आलं, आणि त्याच छताखाली पोहण्याचा तलाव आहे.

पांढुर्ण्याकडच्या एका नर्सरीत जाळी ताणणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराकडे मी बराच वेळ बघत राहिलो. कापडाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते कोपऱ्यावर होतं. तार ताणणारा टर्नबकल एक आटा फिरवायचा, तार हाताने दाबून बघायची, मग समोरच्या कोपऱ्यावर जायचं, तिथे एक आटा, पुन्हा तार दाबायची. एकच कोपरा एकदम ओढला तर जाळीला तिरकी सुरकुती पडते आणि वारा पहिल्यांदा तिथेच फडफड करतो. फडफडणारं कापड शिवणीत झिजतं.

तलावावर हेच काम आणखी कठीण होतं, कारण मधे खांब रोवायची सोय नसते. सपाट ताणलेलं कापड तिथे टिकत नाही. पावसाचं पाणी मधोमध साचतं, त्या वजनाने कापड आणखी खचतं आणि आणखी पाणी साचतं. म्हणून समोरासमोरचे दोन कोपरे उंच आणि उरलेले दोन खाली ठेवतात. कापडाला घोड्याच्या खोगिराचा आकार येतो: एका दिशेने वर वळलेला, दुसऱ्या दिशेने खाली. वारा वरून दाबो की खालून उचलो, कुठला तरी एक बाक त्याला धरून ठेवतो. कडाही सरळ कापत नाहीत. बाजूच्या लांबीचा सुमारे दहावा भाग आत वळवतात, म्हणजे कडेची तार ओढली की कापडाचा सगळा पृष्ठभाग ताठ होतो. इतक्या साध्या भूमितीत इतकी ताकद असावी, याचं मला अजून नवल वाटतं.

आता सूर्य. पांढुर्णं सुमारे 21.6 अक्षांशावर आहे, म्हणून मेच्या अखेरीस, नवतपा म्हणतात त्या कडक उन्हाच्या दिवसांत, भरदुपारी सूर्य खरोखर डोक्यावर येतो. पण पोहणारी मुलं येतात दुपार उतरल्यावर. सव्वातीनच्या सुमारास 3 मीटर उंचीवरच्या कापडाची सावली पावणेतीन मीटर पूर्वेला सरकलेली असते, सव्वाचारला सव्वाचार मीटरच्याही पुढे. कापड नेमकं तलावाच्या मापाचं केलं तर सावली काठावरच्या फरशीला मिळते. कापड पश्चिमेला पुढे न्यावं लागतं आणि त्या बाजूचा कोपरा खाली घ्यावा लागतो. हे गणित मांडायला पैसे लागत नाहीत, तरी ते राहून जातं.

सावलीचा पाण्यालाही उपयोग आहे. स्थिरक न घातलेलं क्लोरीन उघड्या उन्हात दोनेक तासांत बहुतेक उडून जातं; सावलीत ते जास्त टिकतं आणि बाष्पीभवनही घटतं. मात्र हीच क्लोरीनची वाफ वरच्या लोखंडाला खाते. साधं जस्ताचं लेपन तिथे लवकर हरतं, 304 दर्जाच्या स्टीललाही डाग पडतात. कोपऱ्यावरचे हुक, तार आणि टर्नबकल 316 दर्जाचे हवेत.

सगळ्यात मोठी अडचण वाऱ्याची. भारतीय मानकात जवळच्या नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरला आहे. त्या वेगाला दर चौरस मीटरवर सुमारे 118 किलोचा दाब येतो. सहा बाय सहा मीटरच्या बंद कापडावर तो चार टनांच्या वर जातो. जाळीवर तो कमी असतो, पण कापड जितकं सपाट तितकी कोपऱ्यांवरची ओढ वाढते. ही सगळी ओढ शेवटी खांबाच्या पायात उतरते. आणि पाय कशात असतो? काळ्या मातीत. उन्हाळ्यात ती माती भेगाळून आक्रसते, पावसात फुगते. खांब बोटभर कलला तरी तार सैल पडते, तार सैल पडली की फडफड सुरू होते. खांब मुळातच थोडे बाहेर झुकवून रोवावे लागतात आणि पाया काळी माती ओलांडून मुरुमात न्यावा लागतो. ते काँक्रीट जमिनीखाली जातं, कुणाला दिसत नाही, म्हणून काटकसर तिथेच होते. मला काळजी वाटते ती याची, कारण खाली मुलं पोहत असतात.

तलावावर सावली करायचं ठरवलं असेल तर जाळीचा रंग निवडण्याआधी खड्डा मुरूम लागेपर्यंत खणणार का, हे विचारा. आणि वादळाचा इशारा आला की कापड कोण उतरवणार, त्याचं नाव करारात लिहून घ्या.