परदेशातील वैद्यकीय परवाना (भारतीय तज्ज्ञ डॉक्टर)

परदेशातील वैद्यकीय परवाना म्हणजे एका देशात शिकलेल्या डॉक्टरला दुसऱ्या देशात रुग्णांवर उपचार करण्यासाठी तेथील नियामक संस्थेने दिलेली परवानगी होय. एमडी किंवा एमएस ही भारतीय पदव्युत्तर पदवी बहुतेक देशांत त्यासाठी पुरेशी ठरत नाही.

अमेरिकेत हा परवाना प्रत्येक राज्याचे वैद्यकीय मंडळ देते. भारतीय पदवीधराला ईसीएफएमजीचे प्रमाणपत्र मिळवून यूएसएमएलईचे टप्पे उत्तीर्ण व्हावे लागतात आणि त्यानंतर सामान्यतः तेथील रुग्णालयात निवासी डॉक्टर म्हणून पुन्हा प्रशिक्षण घ्यावे लागते. औषधवैद्यकशास्त्रात ते तीन वर्षांचे असते. भारतात विभागप्रमुख असलेला डॉक्टरही तेथे प्रथम वर्षाचा निवासीच ठरतो. अनुभवी तज्ज्ञांचा उत्साह मावळतो तो बहुधा येथेच. टेनेसी राज्याने २०२३ मध्ये कायदा करून काही परदेशी डॉक्टरांना हे पुनर्प्रशिक्षण न घेता तात्पुरत्या परवान्याची वाट खुली केली.

ब्रिटनमध्ये प्लॅब परीक्षेऐवजी एमआरसीपीसारखी मान्य पदव्युत्तर अर्हताही चालते. तज्ज्ञ नोंदवहीत नाव येण्यासाठी मात्र प्रशिक्षण व अनुभवाचे सविस्तर पुरावे सादर करावे लागतात. या देशाशी भारतीय पदव्यांचे नाते जुने आणि तणावाचे आहे. तेथील जनरल मेडिकल कौन्सिलने १९३० मध्ये भारतीय पदव्यांची मान्यता काढून घेतली आणि त्यानंतर भारतात १९३३ चा भारतीय वैद्यकीय परिषद कायदा झाला. पुढे पूर्ववत झालेली मान्यता १९७५ मध्ये पुन्हा गेली.

वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम (स्थापना १९६९) आणि सावंगी मेघे येथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत. रोहण्यासारख्या गावांतील गंभीर रुग्णांना तज्ज्ञ उपचारांसाठी याच रुग्णालयांचा आधार असल्याने, येथील तज्ज्ञांचे स्थलांतर हा केवळ त्यांच्या व्यक्तिगत प्रगतीचा प्रश्न राहत नाही.

पदवीची पडताळणी ती देणाऱ्या मूळ संस्थेकडूनच होते. नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झाले. त्यापूर्वीच्या सेवाग्रामच्या पदव्या नागपूर विद्यापीठाच्या आहेत. विवाहानंतर आडनाव व मधले नाव बदललेल्या महिला डॉक्टरांच्या पदवीवर एक आणि पारपत्रावर दुसरे नाव असल्यास नावबदलाचा अधिकृत पुरावा जोडावा लागतो. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते.